डब्या-गोण्यांतली भाजी: कमी खर्चात, जुन्या वस्तूंत भाजीपाला लावण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुंड्यांवर पैसे न घालवता गॅलरीत, गच्चीवर किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये भाजी लावू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या उत्तराकडे बोट दाखवलं आहे.

सुरुवात करायला कमीत कमी किती खर्च येतो?

पाच-सहा डबे लावायचे तर दोन-तीनशे रुपयांच्या आत भागतं. तेही बहुतेक खतावर जातात. डबे घरातले, बी स्वयंपाकघरातलं, खुरपं म्हणजे जुनं उलथनं. झारी हवी असेल तर पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोकं पाडा. हाताशी थोडे पैसे असतीलच, तर ते चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घेण्यात घाला. देखण्या कुंडीत निकृष्ट माती भरली तर मेथी बोटभरच राहते, आणि चांगली माती असली की फुटक्या बादलीतही ती जोमाने येते.

कोणत्या वस्तू चालतात आणि कोणत्या अजिबात नकोत?

बिनधास्त वापरा: तेलाचे पत्र्याचे १५ किलोचे डबे, तेलाचे प्लास्टिकचे कॅन, फुटक्या बादल्या आणि टब, तांदूळ-गव्हाच्या गोण्या, तडा गेलेला माठ, दोन लिटरच्या बाटल्या, फळांचे प्लास्टिकचे क्रेट (आतून गोणपाट लावून). रोपं करायला दुधाच्या पिशव्या आणि नारळाच्या करवंट्या. दुधाची पिशवी आधी नीट धुवा, नाहीतर मुंग्या आणि वास दोन्ही येतात.

जपून वापरा: सिमेंटच्या आणि युरियाच्या गोण्या. सिमेंटची भुकटी माती अल्कधर्मी करते आणि पानं पिवळी पडतात. युरियाचा अंशही कोवळी मुळं जाळतो. दोन्ही गोण्या उलट्या करून, झटकून, दोन-तीन पाण्यांतून काढा.

अजिबात नकोत: कीटकनाशकं, तणनाशकं, फिनेल, ॲसिड, इंजिन ऑइल यांचे डबे. कितीही वेळा धुतले तरी खायच्या गोष्टीसाठी नकोत, शोभेच्या झाडालाही नकोत. हे डबे भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात आणि बरेचदा लेबल निघालेलं असतं. आधी काय होतं ते कळत नसेल तर घेऊ नका.

प्लास्टिकच्या वस्तूखाली त्रिकोणात एक आकडा असतो. २, ४ आणि ५ असेल तर चिंता नको. १ म्हणजे पाण्याच्या-सरबताच्या बाटल्या. त्या उन्हात काही महिन्यांत कडक होऊन तडकतात, तेवढ्यापुरत्या ठीक. ३ आणि ७ टाळा. ६ म्हणजे थर्माकोलची जात, त्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

भोकं किती, कुठे आणि कशी पाडायची?

बादलीएवढ्या भांड्याला तळाशी पाच-सहा भोकं, करंगळी जाईल न जाईल एवढी. प्लास्टिकला सळई तापवून, पण उघड्यावर, कारण तो धूर छातीत जायला नको.

पत्र्याच्या डब्याला खिळा आणि हातोडी. इथे एक बारीक गोष्ट आहे. बाहेरून आत ठोकलं की पत्र्याची कड आतल्या बाजूला वर येते आणि भोकाभोवती पाणी अडतं. म्हणून खिळा आतून बाहेर ठोका. डब्यात हात पुरत नसेल तर सळई धरून ठोका. मग खाली आलेली धारदार कड हातोडीने चेपून घ्या, नाहीतर डबा हलवताना कोणाचा तरी हात कापतो. फरशीवर सपाट बसणाऱ्या डब्याची तळाची भोकं बुजतात, त्यामुळे बुडापासून बोटभर वर, चारही बाजूंना एकेक भोक जास्तीचं पाडा.

तळाला खडी-विटांचा जाड थर द्यायचा सल्ला सगळीकडे मिळतो. छोट्या डब्यात त्याने निचरा सुधारत नाही, उलट मातीची उंची कमी होते आणि ओल मुळांच्या जवळ सरकते. भोकावर एक खापरी किंवा नारळाच्या शेंडीचा गुंता ठेवला की पुरे.

कोणत्या डब्यात काय लावू?

पालेभाज्यांना चार ते सहा बोटं माती पुरते, म्हणून मेथी, कोथिंबीर, पालक, राजगिरा उथळ टबात किंवा आडव्या कापलेल्या बाटलीत. मुळ्याला वीतभर खोली हवी. मिरची, वांगं, टोमॅटो यांना दर झाडाला किमान १० लिटरचं भांडं, टोमॅटोला १५ असेल तर उत्तम, म्हणजे तेलाचा डबा बरोबर मापात बसतो. एका डब्यात तीन मिरच्या कोंबल्या की तिघींना मिळून एकीएवढ्याही मिरच्या लागत नाहीत. दुधी, कारलं, घोसाळं यांना गोणी किंवा ३०-४० लिटरचा ड्रम लागतो. ते नसेल तर ग्रिलवर तोंडली किंवा मायाळूचा वेल चढवा. मायाळू तर भाजीवाल्याकडच्या जाड देठाचा तुकडा खोचला तरी लागतो.

आलं आणि हळद गोणीत फार छान येतात. अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत डोळे असलेले तुकडे लावायचे, पानं पिवळी पडून वाळली की, साधारण आठ-नऊ महिन्यांनी, गोणी उलटी करायची. मधल्या काळात पातोळ्यांना लागणारी हळदीची पानं घरचीच. सणाच्या आदल्या दिवशी बाजारात त्यांचा भाव काय असतो ते ठाऊक असलेल्यांना याचं मोल सांगायला नको.

शहरात माती आणायची कुठून?

आधी मातीची गरजच कमी करा. डब्यात निव्वळ माती भरली तर ती पाण्याने दबून घट्ट बसते. देशावरची काळी माती तर ओली असताना चिखल आणि वाळली की भेगाळलेलं ढेकूळ होते, डब्याच्या कडेने पाणी सरळ खाली निघून जातं. कोकणातली तांबडी माती निचऱ्याची असते पण कस कमी. दोन्हींना एकच उपाय: एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग भुसभुशीत काहीतरी.

हे भुसभुशीत काहीतरी शहरात फुकट पडलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडं पानं गाळतात. सोसायटीचा झाडूवाला ती पोत्यात भरून ठेवायला आनंदाने तयार होतो, फक्त जाळू नका म्हणून आधी सांगावं लागतं. रसवंतीवरची उसाची चिपाडं आणा, पण तुकडे करून, दोन-तीन दिवस पाण्यात ठेवून, नाहीतर साखरेमुळे मुंग्यांची वारी लागते. शहाळेवाल्याकडची सोडणं सुटी करून भिजवली की विकतच्या कोकोपीटचं, म्हणजे सोडणाच्या भुशाचं, काम करतात.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाच्या माध्यमातून हेच शिकवलं, की पाला, चिपाडं, स्वयंपाकघरातला कचरा यांतून घरीच सुपीक माती तयार होते. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच वाटेने, स्वयंपाकघराच्या कचऱ्यावर बाग उभी केली.

माती थोडी तरी हवीच. ती गावाहून येताना पिशवीभर आणा किंवा नर्सरीतून घ्या. वाहत्या रस्त्याच्या कडेची, गॅरेजजवळची किंवा पाडकामाच्या ढिगातली माती भाजीला नको. तिच्यात शिसं, तेल आणि जुन्या रंगाचे पोपडे असू शकतात.

घरात ओल्या कचऱ्याचं खत करता येतं का? वास येतो म्हणून घरचे ओरडतात.

येतं. वास येत असेल तर सुका भाग कमी पडतोय, एवढाच त्याचा अर्थ. झाकणाच्या बादलीला सगळीकडून भोकं पाडा, तळाशी चिपाडं किंवा सोडणाचा थर द्या. मग मूठभर भाजीचा कचरा टाकला की त्यावर दोन मुठी चुरलेला सुका पाला. विरजण म्हणून थोडं आंबट ताक किंवा जुनं खत घाला. आठवड्यातून एकदा ढवळा. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत तयार होतं.

शिजवलेलं उरलंसुरलं, तेलकट-खारट पदार्थ आणि हाडं-काटे यात नकोत. चहाच्या चोथ्याबद्दल फार विचारणा होते. आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला, त्यामुळे चोथा धुतल्याशिवाय झाडाला घालू नका. अंड्याची टरफलं कुटून घालायला हरकत नाही, पण ती विरघळायला फार वेळ घेतात, लगेच फरक दिसत नाही.

विकतचं बियाणं न आणता स्वयंपाकघरातलं चालेल का?

बरंचसं चालतं. मेथीदाणे, मोहरी (पानांसाठी), चवळी, मूग, न भाजलेला राजगिरा, लसणाच्या पाकळ्या, कोंब आलेला कांदा, आलं, रताळं. मेथी २०-२५ दिवसांत खुडायला येते, नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. धने हलके रगडून दोन फाकळ्या करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती उकरून बघू नका. उन्हाळ्यात धने नीट उगवत नाहीत आणि उगवलेच तर लगेच फुलावर जातात.

वाळक्या लाल मिरचीतलं बी बहुतेक वेळा उगवतं. बाजारच्या टोमॅटोचं बी उगवतं, पण टोमॅटो संकरित असेल तर फळ आईसारखं येईलच असं नाही. मिरची, वांगं, टोमॅटो यांचं बियाणं म्हणूनच कृषी सेवा केंद्रातून छोटं पाकीट आणलेलं बरं, आणि शेजाऱ्यांत वाटून घेतलं तर पैसेही वाटले जातात.

पुदिना, गवती चहा आणि पानओवा बियांवर लावायचा नादच नको. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा. पानओवा काडीवर येतो, डब्यातला ओवा पेरून नव्हे, ती झाडंच वेगळी.

आमच्याकडे ऊन दोन-तीन तासच येतं. काही होईल का?

फळभाज्या सोडून द्या, त्यांना पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तीन तासांत पालक, पुदिना, पानओवा, मायाळू आणि लसणाची पात जमते. अळू सावलीला फारसं घाबरत नाही, त्याला ओल मात्र कायम हवी. ऊन अजिबातच नसेल तर ओट्यावर ताटलीत मेथी किंवा मोहरी दाट पेरा आणि दोन पानांवर असतानाच कापून कोशिंबिरीत घाला.

पाणी किती आणि कोणतं घालायचं?

ठरलेलं माप नाही. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. मे महिन्यात पत्र्याच्या डब्याला दिवसातून दोनदा लागेल, जुलैत आठवडाभर लागणार नाही.

डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी उत्तम. कपड्यांचं साबणाचं पाणी नको. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाताना बघवत नाही हे खरं, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. रोज तेच घातलं तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा करपतात. साध्या पाण्यात निम्मं मिसळून अधूनमधून चालेल.

डब्याखाली ताटली असेल तर तिच्यात पाणी साठू देऊ नका. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. आठवड्यातून एकदा ताटल्या, रिकामे डबे आणि करवंट्या उलट्या करून कोरड्या करायच्याच.

पावसाळ्यात सगळं कुजतं आणि उन्हाळ्यात सगळं करपतं. मग लावायचं कधी?

नवख्यासाठी सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा सोन्यासारखा काळ. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो सगळं तेव्हा येतं.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पालेभाज्या उघड्यावर टिकत नाहीत. त्या छज्जाखाली घ्या आणि उघड्यावर अळू, हळद, आलं, वेल ठेवा. डबे दोन विटांवर उचला. मातीवर पाल्याचं आच्छादन असू द्या, म्हणजे थेंबांनी चिखल पानांवर उडणार नाही.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याचा डबा इतका तापतो की मुळंच भाजतात. बाहेरून चुना लावा, डबे एकमेकांना चिकटवून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला जुनी सुती साडी किंवा गोणपाट बांधा. तेवढे दोन महिने चवळी, राजगिरा आणि मिरचीची जुनी झाडं सांभाळली तरी पुष्कळ झालं.

पांढरा कापसासारखा किडा आलाय आणि मिरचीची पानं आकसलीत. काय फवारू?

हे दोन वेगळे आजार आहेत. कापसासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने घासून काढा, मग १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. पाच-सहा दिवसांनी पुन्हा. मुंग्या चढत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, कारण त्याच हा किडा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात.

मिरचीचा आकसा म्हणजे चुरडा-मुरडा. फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, यांपैकी काहीही कारण असतं. सुरुवातीलाच शेंडे खुडून हेच फवारलं तर झाड सावरू शकतं. नवी पानंही आकसलेलीच येत राहिली तर झाड उपटा. लोक जीव लावून महिनोन्‌महिने असं झाड सांभाळतात आणि तोवर शेजारच्या डब्यांना लागण होते.

फुलं भरपूर येतात, पण फळ धरत नाही. का?

दुधी, कारलं, भोपळा यांना नर आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलामागे इवलंसं फळ दिसतं. सातव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही, म्हणून नर फूल तोडून त्याचा परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर टेकवा. भोपळ्यासाठी हे सकाळी, दुधीसाठी संध्याकाळी, कारण दुधीची पांढरी फुलं तेव्हा उमलतात. टोमॅटोला एवढंही लागत नाही, फुलांच्या घोसाला टिचकी मारली की होतं. तापमान ३५ अंशांपुढे गेलं की मात्र टोमॅटो फुलं गाळणारच, तिथे खत वाढवून उपयोग नाही.

एकदा पीक निघालं की तीच माती पुन्हा वापरायची का?

वापरायची, टाकायची तर मुळीच नाही. ओतून दोन-तीन दिवस उन्हात पसरा, मुळं वेचा, एक-तृतीयांश नवं खत मिसळा. टोमॅटो, वांगं आणि मिरची एकाच घराण्यातली. त्यांच्यामागे पुन्हा त्यांच्यापैकी कोणी नको, मेथी किंवा चवळी लावा. एरवीही डब्यातल्या झाडाला दर पंधरा दिवसांनी मूठभर खत लागतं, कारण प्रत्येक पाण्याबरोबर थोडा कस भोकांतून वाहून जातो.

सोसायटी म्हणते गच्चीवर वजन होईल. खरं आहे का?

बरेचदा खरं आहे. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो. तेलाचा डबा साडेतेवीस सेंटीमीटर चौरस, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चार गुणिले चार असे १६ डबे बसतात. निव्वळ ओल्या मातीचा एक डबा २५ किलोच्या आसपास, म्हणजे ४०० किलो झाले. वर सांगितलेल्या मिश्रणाने वजन निम्म्यावर येतं, तरी डबे दाटीने मांडायचे नाहीत. भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत ओळ धरा. गॅलरीच्या बाहेरच्या कठड्याजवळ जड काही नको, आणि ग्रिलवर तर फक्त बाटल्या आणि छोटे कॅन, तेही तारेने बांधून. जुन्या इमारतीत अभियंत्याला विचारूनच पुढे जा. डबे विटांवर उचललेले असले की गच्ची गळते म्हणून आपल्या नावाने होणारी ओरडही कमी होते. चाळीच्या सामायिक व्हरांड्यात आणि जिन्यात डबे ठेवूच नका, आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते.

दहा दिवस गावाला जायचंय. पाण्याचं काय?

डबे सावलीत एकत्र करा, वर पाल्याचा जाड थर द्या. मोठ्या डब्यात छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा आणि वर झाकण घाला, ते पाझरत राहतं. छोट्यांसाठी पाण्याची झाकलेली बादली उंचावर ठेवून तिच्यातून सुती साडीची पट्टी डब्यातल्या मातीत खोचा. पालेभाजी आधीच कापून घ्या. शेजारच्या काकूंना मिरच्या तोडायची मोकळीक दिली तर पाण्याची सोय आपसूक होते.

यात खरंच पैसे वाचतात का?

काय लावता त्यावर आहे. कांदे-बटाटे डब्यात लावणं म्हणजे खतात पैसे घालून पिशवीभर हौस विकत घेणं. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, मिरची, कोथिंबीर, लसणाची पात मात्र थोडी थोडी रोज लागतात, जुडी आणली की अर्धी सडते, आणि पावसाळ्यात भाव चढतात. तिथे वाचतात. महिन्याची भाजीच बंद होईल असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडे गच्ची किती मोठी आहे ते विचारा.

मासळीवाल्याकडचे थर्माकोलचे खोके वापरू का?

यावर मतं दोन्हीकडची आहेत. जमेची बाजू अशी की खोका हलका असतो आणि उन्हात मुळं गार राहतात. आमचं मत: खोका धड असेपर्यंत, आतून गोणपाट लावून, पालेभाजीसाठी चालेल. कडा भुरभुरायला लागल्या आणि मातीत पांढरे मणी दिसले की काढून टाका, ते मणी मातीतून वेचून निघत नाहीत. प्लास्टिकच्या विणलेल्या गोण्यांचंही तेच. सहा-आठ महिन्यांच्या उन्हाने त्यांचे धागे सुटून मातीत मिसळतात. धागे पडायला लागायच्या आत गोणी बदला किंवा बाहेरून जुनं कापड गुंडाळा.

रंगाची बादली धुऊन वापरली तर? आणि जुने टायर?

पाण्यात मिसळणाऱ्या, भिंतीच्या प्लास्टिक रंगाची बादली असेल तर वाळलेला रंग सोलून, घासून वापरता येते. ऑइलपेंटची नको. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. माळ्यावरचा डबा त्याआधीचा असेल तर तो खतासाठीही नको.

टायर शोभेच्या झाडांना ठेवा. रबरातून जस्त आणि इतर रसायनं झिरपतात, शिवाय टायरच्या आतल्या खोबणीत साठणारं पाणी डासांना हवंच असतं.

तेलाचा डबा गंजलाय. भाजी खाल्लेली चालेल?

चालेल. गंज म्हणजे लोखंडच, त्याने भाजी विषारी होत नाही. पत्र्यावरच्या छपाईचे पोपडे मातीत पडत असतील तर तेवढे वेचून टाका. खरी भीती डब्याच्या बुडाची. एक-दोन पावसाळ्यांत ते कागदासारखं होतं आणि उचलायला गेलं की माती, झाड आणि पाणी सगळं खालच्या मजल्यावरच्यांच्या गॅलरीत. म्हणून गंजका डबा कडांनी उचलू नका. खाली फळी सरकवून ओढत न्या, किंवा झाड काढायचं नसेल तर डबा आहे तसाच मोठ्या गोणीत उतरवा. बूड गळून पडलं तरी मुळं गोणीत उतरतात आणि झाडाला कळतही नाही.